दहा पिना आणि एक बटवा

मी एक जुना पितळी स्टोव्ह आहे, मित्रांनो, आणि माझं डोकं कायम तापलेलं असतं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, म्हणून आज मीच बोलतो.

माझी टाकी ज्या कारखान्यात ठोकली गेली, त्याला कुलूप लागून जमाना झाला. नवा होतो तेव्हा मी एका मोठ्या कुटुंबाचा स्वयंपाक केला. माझ्या अंगात लोक तोंड पाहायचे, इतका मी चकचकीत होतो. पुढे घरात गॅस आला आणि मी माळ्यावर गेलो. तिथून मला चर्चच्या पाळकसाहेबांनी उचललं आणि सरावघरात आणून ठेवलं.

सरावघर म्हणजे चर्चच्या मागच्या दोन खोल्या. परमुलखात जाऊन देवाची सेवा करायची ज्यांची इच्छा आहे, ते लोक सहा महिने इथे राहतात. तिकडे जसं राहावं लागणार तसं इथे राहायचं. नळ आहे, पण त्याला तारेनं बांधून ठेवलंय, पाणी विहिरीवरून आणायचं. पलंग आहे, पण झोपायचं चटईवर. आणि रांधायचं माझ्यावर.

काय काय सोसलं म्हणून सांगू! मी नीट तापायच्या आधीच पंप मारायचे, भडका उडाला की ओरडायचे. नाचता येईना अंगण वाकडं, तशी सगळी बोलणी मलाच. जाताना प्रत्येक जण म्हणायचा, याला बरोबर नेणार. नेलं कुणी नाही.

मग सिस्टर आली. मोठ्या दवाखान्यातली नर्स, कामाला वाघ. तिकडच्या डोंगरातल्या एका छोट्या दवाखान्यात तिची जागा ठरली होती, आणि त्या जागेसाठी ती चार वर्षं थांबली होती. तिनं मला पहिल्याच आठवड्यात वठणीवर आणलं. वायसर बदलला, राखेनं घासून लख्ख केलं, आणि सामानाच्या यादीत माझं नाव सगळ्यांत वर लिहिलं. मी हरखून गेलो. खोटं कशाला बोलू?

सरावाच्या शेवटी एक जेवण असतं. तिकडची भाषा शिकवणाऱ्या बाई मूळ त्याच मुलखातल्या. त्या आपल्या मावशीला घेऊन जेवायला येतात आणि नंतर पाळकसाहेबांना सांगतात, हे माणूस पाठवावं की नाही. मावशीला तिकडची भाषा सोडून दुसरी येत नाही. कमरेला एक कापडी बटवा, त्यात सुईदोरा, सुपारीएवढी मेणबत्ती आणि स्टोव्हचं भोक मोकळं करायची पिन. आयुष्यभर स्टोव्हवर रांधलेली बाई ती.

त्या दिवशी ऐन भाताच्या वेळी माझ्या निपलात, म्हणजे रॉकेल वर येतं त्या बारीक भोकात, कचरा अडकला. सिस्टरची पिन सापडेना. मावशी उठून माझ्याजवळ येऊन बसली आणि तिनं बटवा उघडला. सिस्टरनं हसत हसत तिचा दंड धरला आणि तिला परत खुर्चीवर नेऊन बसवलं. एकदा नाही, तीनदा. तुम्ही पाहुण्या, तुम्ही काही करायचं नाही! अगं बाई, पिन तिच्या हातात आहे, माझा जीव गुदमरतोय आणि तू पाहुणचार कसला करतेस? पण माझं कोण ऐकतंय. भात कच्चा राहिला. मावशीनं दोन घास खाल्ले, बटव्याची दोरी ओढली आणि ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. त्या रागावल्या नाहीत, तेच वाईट होतं.

"सिस्टर, आमच्याकडे पाहुणी चुलीपाशी येऊन बसते. तिचा हात नाकारला, की ती समजते, आपण इथे नकोशा आहोत. तुम्हाला सगळं देता येतं. घेता काहीच येत नाही."

पाळकसाहेबांनी महिन्याची मुदत दिली. पुन्हा एक जेवण, आणि तेही फसलं तर डोंगरातली जागा दुसऱ्या कुणाला.

त्यावर सिस्टरनं काय करावं? रडून झाल्यावर बाजारातून दहा पिना आणल्या आणि भिंतीवरच्या खिळ्याला लटकवल्या. रोज घड्याळ लावून मला पेटवू लागली. शेजारची एक बाई बादली उचलायला आली, तर हिनं तिच्याही हातातून बादली काढून घेतली. पालथ्या घड्यावर पाणी, मित्रांनो! मला तोंड असतं तर मी त्या महिन्यात घसा बसेपर्यंत ओरडलो असतो.

दुसरं जेवण आलं. मावशी दारापाशीच खुर्चीवर बसली, बोलावल्याशिवाय उठणार नाही अशी. भात अर्धा शिजला आणि माझ्या निपलात पुन्हा कचरा. शपथेवर सांगतो, मी मुद्दाम केलं नाही.

सिस्टरचा हात खिळ्याकडे गेला. एक पिन तिनं चिमटीत धरलीसुद्धा. आणि हात तिथेच थांबला. केवढा वेळ! तिचे कान लाल झाले होते. मग तिनं पिन परत खिळ्याला अडकवली, वळली, आणि मोडक्यातोडक्या त्या भाषेत म्हणाली, "मावशी, तुमची पिन देता?"

मावशीनं खिळ्यावरच्या दहा पिनांकडे पाहिलं. सिस्टरकडे पाहिलं. आणि खदखदून हसत ती उठली, माझ्यासमोर फतकल मारून बसली. तिचा हात लागला आणि मी असा पेटलो, की विचारू नका. भात उतरवेपर्यंत तिनं सिस्टरला माझ्या जवळ येऊ दिलं नाही, नुसतं शेजारी बसवून ठेवलं.

जागा सिस्टरलाच मिळाली. जायच्या दिवशी मी पेटीत होतो, जुन्या चादरीत गुंडाळलेला. एकदाचा निघालो! तेवढ्यात तिनं पेटी उघडली आणि मला बाहेर काढलं. पाळकसाहेबांनी विचारलं, अहो, याच्यावरच तर तुमचा जीव होता ना?

"माझी चूल माझ्याजवळ असली," ती म्हणाली, "तर मी कुणाच्या चुलीपाशी जाऊन बसणार?"

पोरगी शिकली, आणि मी राहिलो! मला राग आला, अजूनही आहे. पण तिचं चुकलं असं काही मला म्हणता येत नाही.

तेव्हा मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्या वस्तूला महिन्यातून एकदा तरी घासा, नीट तापल्याशिवाय पंप मारू नका. आणि कुणी आपला बटवा उघडून शेजारी येऊन बसलं, तर तुमच्या खिळ्याला दहा पिना असल्या तरी तिचीच मागून घ्या.