सुरमईवरची आंब्याची कोशिंबीर

शालनबाईंचा आठवडा देवांनी वाटून घेतलेला. सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, बुधवार पांडुरंगाचा, असं करत करत रविवार खंडोबाचा. त्यांच्या चिखलीतल्या घरात मासळीला शिरायला फट म्हणून नव्हती. आणि सुनेला, रत्नागिरीच्या तनुजाला, डोहाळे लागले ते नेमके सुरमईचे. तेही साध्या कालवणाचे नाहीत. कडकडीत तव्यावर शेकलेली तुकडी आणि सोबत ताज्या फळांचा साल्सा, मोबाइलवर कुठंसा पाहिलेला.

"साल्सा म्हंजी?"

"कोशिंबीरच हो आई, आंब्याची."

"मग कोशिंबीर म्हण की. मी उगं घाबरले."

डोहाळे अपुरे राहिले तर लेकरू लाळ गाळतं, हे शालनबाईच आजवर गल्लीभर सांगत आलेल्या. इकडे गळ्यात देहूला घातलेली तुळशीची माळ. शेवटी त्यांनीच तोड काढली. गच्चीवर वेगळी शेगडी, नवा तवा, आणि आपण फक्त फळं चिरायची. मासळीला हात लावायचा नाही.

बुधवारी त्यांचा मुलगा रणजीत चाकणहून पहिली शिफ्ट आटपून सुरमई घेऊनच आला. शालनबाईंनी तोवर आंबा बारीक चिरला होता. त्यात डाळिंबाचे दाणे, मिरची, कोथिंबीर, वर लिंबू पिळलेलं.

तनुजा वाकून बघत म्हणाली, "कांदा राहिला, आई."

"निवदात कांदा जातो व्हय?"

"देवाला थोडंच दाखवायचंय हे?"

"हाताला काय सांगू, बाई? त्यो ऐकत न्हाई."

रणजीतनं पिशवी उघडली मात्र, कच्च्या मासळीच्या वासानं तनुजा तोंड दाबून पार गच्चीच्या टोकाला, पाण्याच्या टाकीपाशी पळाली. उलथनं आलं रणजीतच्या हातात. कंपनीत लोखंड केसाइतकं अचूक कातणारा गडी, पण तुकडी टाकल्यापासून तो तिला चैन पडू देईना. पहिल्या तुकडीचा भुगा झाला.

"अहो, हलवू नका ना तिला," टाकीपासून तनुजाचा रडवेला आवाज आला.

तो आवाज शालनबाईंना सोसवेना.

"सर तिकडं," त्या हळूच म्हणाल्या. माळ पाठीवर टाकली, पदर नाकाला लावला, उलथनं घेतलं. "भाकरीच हाय ही. पापुद्रा धरस्तोवर हात लावायचा न्हाई."

तवा धुरावला, तुकडी चरचरली. कड सोनेरी झाल्यावर त्यांनी उलथनं सारलं, तशी ती अलगद सुटून आली.

"आई, तू तर कोळीण झालीस," रणजीत म्हणाला.

"गप रे." पण पदराआड त्या हसत होत्या. उरलेल्या तुकड्या भराभर शेकून झाल्या. तनुजानं लांबूनच सांगितलं, तसा आंबा ताटाच्या एका कडेला वाढला, मासळीला न लावता. ताट असं काही देखणं झालं की शालनबाईंना भानच उरलं नाही. त्यांनी कुंडीतलं तुळशीचं पान खुडून ताटात ठेवलं, ताटाभोवती पाणी फिरवलं आणि डोळे मिटून हात जोडले.



"आई," रणजीत हळूच म्हणाला, "पांडुरंगाला सुरमई?"

शालनबाईंनी डोळे उघडले आणि मटकन खाली बसल्या. नैवेद्य दाखवला म्हणजे प्रसाद झाला, आणि प्रसाद नाकारायचा नसतो. खावं तर माळ जाते, न खावं तर प्रसादाचा अपमान.

तनुजा ताटावर वाकली. "आई, पान कुठं पडलंय ते तरी बघा."

पान आंब्यावर होतं.

"देवानं त्याचं त्यानं निवडून घेतलं," तनुजा म्हणाली. "कांदासुद्धा नाही त्यात."

"आई, तुझ्यासारखाच चोखंदळ आहे तो," रणजीतनं पुस्ती जोडली.

शालनबाई आधी गालातल्या गालात हसल्या, मग खांदे गदगदायला लागले, मग डोळ्यांतून पाणीच यायला लागलं. हसू आवरेना तशी तनुजाही त्यांच्या शेजारी बसली आणि बघता बघता दोन तुकड्या फस्त करून बोटं चाटायला लागली.

शालनबाईंनी तुळशीच्या पानासकट चमचाभर आंबा तोंडात टाकला. आंबट, गोड आणि मागून मिरचीचा झटका. त्यांनी दुसरा चमचा घेतला. मग आवाज खाली आणून विचारलं,

"तनुजा, पुढल्या बुधवारी पुन्यांदा डोहाळे लागतील का गं?"

"मासळीचे?"

"तू मासळीचे लावून घे. कोशिंबिरीचं मी बघते."