यंत्रातला अबोला

यंत्रात आडवं पडायचं, पडद्यावर दिसेल त्या वस्तूचं नाव मनातल्या मनात घ्यायचं आणि मान हलवायची नाही. एवढंच काम! पण ज्याचा जन्म बाजारात लिलाव पुकारण्यात गेला, तो कसला मनातल्या मनात बोलतोय? पडद्यावर कात्री आली की हा आतून ओरडायचा, "कात्री!" हनुवटी हलायची, फोटो बिघडायचा. मग छत्री, पुन्हा आरोळी.

"काकू, असं चाललं तर काही उपयोग नाही हो," यंत्रावरची मुलगी काकुळतीला आली.

बायको यंत्राच्या दाराशी येऊन उभी राहिली. नवऱ्याच्या मेंदूत रक्तवाहिन्यांचा गुंता झाला होता. एकदा फुटला तेव्हा कसाबसा वाचला. पुन्हा कधी फुटेल याचा नेम नव्हता. आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "बोलण्याची जागा गुंत्यापासून किती लांब आहे ते दिसल्याशिवाय मी उपचार ठरवणार नाही."

हा बाबा गप्प बसायचा तो फक्त बायकोशी अबोला धरल्यावर. मग तोंडाला कुलूप. मनात दिवसभर भांडण चालू, आणि काही हवंच असलं तर निरोप तिसऱ्याच्या तोंडून.

त्याला जरा बाहेर काढलं तशी ती जवळ गेली. मन घट्ट करून म्हणाली, "अहो, तुमची टकळी ऐकून कान किटले माझे. मुक्या नवऱ्याची बायको सुखी!"

त्याने तिच्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. यंत्रावरची मुलगीही चपापली.

या वेळी आतून चकार शब्द आला नाही. फोटो अगदी स्वच्छ निघाले. बाहेरच्या बाकावर ती एकटीच हसली. जमलं गं बाई!

डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवलं. गुंता बोलण्याच्या जागेतच रुतून बसला होता. "कापून काढला तर धोका टळेल, पण वाचा बहुधा जाईल. किरणांचे उपचार केले तर वाचा राहील, पण गुंता बुजायला दोन-तीन वर्षं लागतात. तोवर तो फुटू शकतो."

तो डॉक्टरीणबाईंनाच म्हणाला, "हिला सांगा, कापून टाकू. मुकाच नवरा हवाय हिला."

"अहो, खोटं होतं ते! फोटो नीट यावेत म्हणून बोलले!" तिने त्याचा दंड धरला. "शिव्या घाला मला, पण माझ्याशी बोला हो!"

त्याने दंड सोडवला नाही. नजर मात्र डॉक्टरीणबाईंवरच. "हिला विचारा," बाजारात कुणी कधी ऐकला नसेल इतक्या हळू आवाजात तो म्हणाला, "मनात नव्हतं, तर सुचलं कसं?"

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं. कान किटले होते, हे तर खरंच होतं. ती नुसती त्याचा दंड धरून रडत राहिली.