पंपाला सुट्टी मिळाली तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी माहितीपुस्तिका आहे. पाण्याच्या पंपाची. चोपन्न पानं, दोन गंजलेल्या पिना आणि पुठ्ठ्याचं राखाडी मुखपृष्ठ, एवढाच माझा संसार. गोष्टीच्या पुस्तकांत राजे असतात, वाघ असतात. माझ्यात नट, बोल्ट आणि वंगण आहे. तेव्हा माझं आयुष्य ऐकायला कोण बसणार, ही शंका मला पहिल्या ओळीपासूनच आहे. तरीही सांगते. कारण माझ्यावर बऱ्याच जणांचे उपकार आहेत, आणि ते न सांगता एक दिवस फाटून जाणं बरं दिसणार नाही.

मला एका अभियंता बाईंनी लिहिलं. त्या फार काटेकोर होत्या. लिहिलेलं प्रत्येक वाक्य त्या आपल्या आईला वाचून दाखवायच्या. आई भाजी निवडत ऐकायची आणि मध्येच म्हणायची, "हे नाही कळलं बाई. माणसासारखं सांग." मग बाई ते वाक्य खोडायच्या आणि पुन्हा लिहायच्या. माझ्यात जो काही सोपेपणा आहे तो त्या आईचा. मला छापताना बाईंनी आईचं नाव कुठेही घातलं नाही, ही रुखरुख मला आजही आहे.

पुढे मी छापखान्यातून एका पंपघरात आले. मोठी खिडकी, सिमेंटची जमीन, मधोमध हिरवा पंप आणि खाली खोल विहीर. पहिली काही वर्षं माझी चांगली गेली. पंप चालवणारी माणसं तेलकट बोटांनी मला उघडायची, पाहिजे ते बघायची आणि पुन्हा खिळ्याला टांगायची. ते तेलाचे डाग म्हणजे माझी बक्षिसं. दुसरं बक्षीस मला कधी मिळालं नाही आणि हवंही नव्हतं.

मग हळूहळू काळ बदलला. मित्रांनो, मी आता राहते तो काळ तुमच्या काळाच्या बराच पुढे आहे. इथे वाचायला कुणी बंदी केली नाही. दार रोज उघडलं नाही की बिजागरी धरते, तसं वाचणं सुटत गेलं. प्रत्येक भिंतीवर एक बोलका डबा आला. त्याला 'बोलका' म्हणतात. काहीही विचारा, तो आधी म्हणतो, "वा! किती हुशार प्रश्न!" आणि मग काहीतरी गोड सांगतो. ते खरं आहे की नाही हे विचारायचं कुणाला सुचत नाही, कारण तोवर माणूस आपल्या हुशारीवर खूश झालेला असतो. पाट्यांवरची अक्षरं गेली, चित्रं आली. शाळेत पहिला तास टाळ्यांचा आणि दुसरा स्वतःच्या कौतुकाचा असतो. वर्गात सगळ्यांचा पहिला नंबर येतो. जो गैरहजर असतो त्याचाही येतो.

मी मात्र रागावले नाही. ही माणसं वाईट नाहीत हो. एकमेकांना ठेच लागली तर सगळी गल्ली रडते. फक्त दगड बाजूला करायचं कुणाच्या लक्षात येत नाही.

त्या काळात मला पंपघरातल्या टेबलाच्या आखूड पायाखाली जागा मिळाली. पंप सांभाळणाऱ्या बाईला सगळे पंपमावशी म्हणायचे. "ही चपटी आहे म्हणून माझा चहा सांडत नाही," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. बारा वर्षं मी तिथे होते. न वाचता का होईना, उपयोग होत होता. तिचे आभार.

मावशीला पंपाबद्दल एकच गोष्ट माहीत होती: तो कधीही बंद करायचा नाही. तिच्या आधीच्या माणसाने तिला तसं बजावलं होतं. का, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. माझ्या सतराव्या पानावर ते कारण लिहिलेलं होतं. विहिरीत उतरणाऱ्या नळाच्या तळाशी एक झडप असते. ती झिजली की पंप थांबताच नळातलं पाणी परत विहिरीत उतरतं आणि पंपाच्या पोटात हवा शिरते. हवा शिरली की पंप नुसता फिरतो, पाणी ओढत नाही. मला हे सांगायचं होतं, पण टेबलाखालून कसं सांगणार?

एके दिवशी सकाळी पाणीसाहेब आले. पाणी खात्याचे ते मुख्य. खात्यात सगळ्यांत मनमोकळं हसतात म्हणून त्यांना ते पद मिळालं होतं. छातीवर पहिल्या नंबराची अकरा पदकं. त्यांनी पंपावरून प्रेमाने हात फिरवला आणि त्यांचे डोळे भरून आले.

"मावशी, हा बिचारा किती वर्षं काम करतोय?"

"मी आल्यापासून तरी थांबला नाही साहेब."

"आणि याला एक दिवस सुट्टी नाही? अरेरे! आपण माणसं आहोत की कोण?"

"साहेब, याला बंद करायचं नसतं."

"का?"

मावशी पदराने पंपावरची धूळ पुसू लागली. का, ते तिला माहीत नव्हतं. साहेबांनी भिंतीकडे वळून विचारलं, "बोलक्या, पंपाला सुट्टी द्यावी का?"

"वा! किती हुशार आणि दयाळू प्रश्न! विश्रांती सगळ्यांनाच आवडते!"

झालं. साहेबांनी पंपाला लाल फीत बांधली, सोबत आलेल्यांनी टाळ्या वाजवल्या आणि साहेबांनीच पंप बंद केला. घरघर थांबली. त्या शांततेत मला नळातून पाणी खाली उतरल्याचा आवाज ऐकू आला. मला वाटतं, तो फक्त मीच ऐकला.

दुसऱ्या दिवशी मावशीने हिरवं बटण दाबलं. पंप फिरला. पाणी आलं नाही. पुन्हा दाबलं. पंप तापला, पाणी नाही. बोलक्याला विचारलं तर तो म्हणाला, "वा! पंप कदाचित उदास असेल. त्याला प्रोत्साहन द्या!" मग गल्लीतली माणसं येऊन पाळीपाळीने टाळ्या वाजवू लागली. दोन दिवस टाळ्या चालल्या. तळहात सुजले, नळ कोरडेच राहिले. बादलीने काढावं तर विहिरीवर सिमेंटचं जड, कुलूपबंद झाकण होतं आणि त्याची किल्ली कोणत्या खात्याकडे आहे हे शोधायला जे खातं होतं त्याचीच किल्ली हरवली होती.

मावशीची लेक तेव्हा बाळंतपणासाठी माहेरी आलेली. बाळ अकरा दिवसांचं. घरात एक झाकलेला हंडा पाणी उरलं होतं, ते फक्त बाळासाठी आणि बाळाच्या आईसाठी. मावशी स्वतः त्यातला घोट घेत नव्हती.

तिसऱ्या दिवशी टाळ्यांना जागा अपुरी पडू लागली म्हणून टेबल भिंतीकडे सरकवलं आणि मी जमिनीवर उघडी पडले. गर्दीत मावशीचे सासरे होते. त्यांना सगळे पेंटरबाबा म्हणत. तरुणपणी ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे. अक्षरं गेली तसा त्यांचा धंदाही गेला. भिडस्त माणूस. चार लोकांत तोंड उघडायचं म्हटलं की त्यांचे कान लाल व्हायचे. त्यांनी मला उचललं, पदरमोड करून घेतलेल्या वस्तूवरची धूळ पुसावी तशी माझी धूळ शर्टाने पुसली आणि खिडकीपाशी नेलं. एकेका अक्षरावर बोट ठेवत ते वाचू लागले. मित्रांनो, कित्येक वर्षांनी कुणाचं तरी बोट माझ्या ओळीवरून चाललं होतं. मला काय वाटलं ते लिहायला माझ्यात एकही पान कोरं नाही.

तासाभराने ते सुनेजवळ गेले.

"सूनबाई, एक सांगू का? मी चुकत असेन. माझं वाचन तसं पाट्यांपुरतंच."

"बोला हो बाबा, आता चुकायचं काय राहिलंय!"

"हिच्यात लिहिलंय, पंपाला आधी पाणी पाजायचं. वरचं बूच काढून आत ओतायचं. मग बटण."

आजूबाजूला एकदम हशा पिकला. शेजारची शिंपीणकाकू कपाळावर हात मारून म्हणाली, "घ्या! आम्ही इथे तहानेने मरतोय आणि हे म्हणतात यंत्राला पाजा! पाणी देतं त्यालाच पाणी?"

"बोलका काय म्हणतो?" कुणीतरी विचारलं.

"वा! किती हुशार प्रश्न!" बोलका म्हणाला. "यंत्रांना पाणी लागू देऊ नका. यंत्रांना टाळ्या द्या!"

मावशीने बोलक्याकडे पाहिलं, मग आपल्या सुजलेल्या तळहातांकडे पाहिलं. "बाबा, किती पाणी लागेल?"

आणि इथे, मित्रांनो, मला तोंड लपवावंसं वाटलं. सतराव्या पानावर बाईंनी आकडा लिहिला होता, पण टेबलाखालच्या ओलीत नेमकं तिथे मला कसर लागली होती. 'पंपात' आणि 'बादल्या' या दोन शब्दांच्या मध्ये नुसतं भोक होतं. तो आकडा मलाही आठवेना. स्वतःच्या पोटातली गोष्ट स्वतःला आठवू नये, यापरती नामुष्की नाही.

पेंटरबाबांनी ते लपवलं नाही. "आकडा किड्यांनी खाल्लाय गं. पण पुढची ओळ शाबूत आहे. हवेच्या तोटीतून पाण्याची अखंड धार येईपर्यंत ओतणे थांबवू नये. मध्येच थांबल्यास ओतलेले पाणी वाया जाईल."

म्हणजे किती लागेल ते माहीत नाही आणि अर्ध्यात थांबायचीही सोय नाही. घराघरांत जे काही उरलं होतं ते एवढंसं. कोण देणार?

मावशी उठली. "मी घरोघर जाते. देईल तो देईल."

पहिली बादली शिंपीणकाकूचीच आली. "मला हे पटलेलं नाही," ती बजावून म्हणाली, "पण मला पटलेलं तरी कुठे कधी खरं ठरलंय! घे." तिच्यामागून दुसरी आली, तिसरी आली. कुणी पातेलं आणलं, कुणी फुलदाणीतलं पाणी आणलं. पाणीसाहेबांनी गाडीतली बाटली आणली आणि ओशाळून म्हणाले, "सुट्टी मीच दिली ना हो." ही माणसं वाईट नाहीत, असं मी मघाशी म्हटलं ते यासाठीच.

बाबांनी तोटी उघडली. मावशी ओतू लागली. आतून गुडगुड आवाज येत होता आणि तोटीतून नुसती हवा फुसफुसत होती. चार बादल्या गेल्या. सहा गेल्या. आठवी संपली तेव्हा तोटीत एक थेंब चमकला आणि परत आत गेला. झिजलेल्या झडपेतून पाणी झिरपत होतं. आता कुणाकडेच काही उरलं नव्हतं.

दारात मावशीची लेक उभी होती. एका हातात बाळ, दुसऱ्या हाताने कमरेवर हंडा धरलेला.

"नाही," मावशी म्हणाली. "ते नाही."

"आई, तुला खात्री आहे का?"

"नाही गं."

"आजोबा, तुम्हाला?"

"मला माझ्या वाचण्याची खात्री नाही पोरी," पेंटरबाबा म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "पण हे ज्याने कुणी लिहिलंय त्याने घाईत लिहिलेलं नाही. एवढं मला कळतं. मी आयुष्यभर अक्षरं काढली आहेत."

लेकीने हंडा खाली ठेवला. मावशीने तो उचलला. ती सावकाश ओतू लागली; एक थेंबही बाहेर सांडला नाही. हंडा निम्मा झाला. पाव झाला. तोटी थुंकल्यासारखी दोनदा फुरफुरली, आणि मग तिच्यातून पाण्याची धार लागली. बारीक, पण न तुटणारी.

"बंद कर तोटी! बूच लाव! दाब बटण!" भिडस्त बाबा ओरडले. इतक्या मोठ्याने ते कधीच बोलले नव्हते.

पंप फिरला. त्याचा आवाज आधी पोकळ होता, मग जड झाला. नळ धडधडला आणि पाणी आलं. टाळ्या वाजवायचं कुणालाच सुचलं नाही. सगळे भांडी आणायला पळाले होते. मावशीने पहिली ओंजळ घेतली ती लेकीला पाजली.

"वा!" भिंतीवरून बोलका म्हणाला. "टाळ्यांचा किती छान परिणाम!"

"तू गप रे," शिंपीणकाकू म्हणाली. त्याला कुणी असं म्हटल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं.

पाणीसाहेबांनी आपलं एक पदक काढून बाबांच्या खिशाला लावलं. बाबांनी ते हळूच बाळाच्या दुपट्याला अडकवलं आणि त्याच संध्याकाळी माझ्यातल्या भोकाशेजारी, समासात, सुबक अक्षरात लिहिलं: 'आठ बादल्या आणि पाऊण हंडा. झडप बदलल्यास कमी लागेल.' माझ्या अंगावर माणसाच्या हातचं एवढंच लिहिलेलं आहे, आणि माझ्या छापील ओळींपेक्षा मला तेच जास्त आवडतं.

आता पंपमावशी रोज दुपारी सासऱ्यांजवळ बसून वाचायला शिकते. जोडाक्षर आलं की चिडते. शिंपीणकाकू आपल्या शिवणयंत्राची पुस्तिका कपाटामागून शोधून घेऊन आली आहे आणि पहिल्याच पानावर अडून बसली आहे. सगळी गल्ली शहाणी झाली असं मी म्हणणार नाही. बोलका अजून बोलतो, शाळेत अजून सगळेच पहिले येतात. पण चार-पाच माणसं आता 'का?' असं विचारतात, आणि उत्तर येईपर्यंत थांबतात.

मित्रांनो, आम्हा जुन्या पुस्तकांना काचेच्या कपाटात ठेवा, असं मी म्हणत नाही. आमच्यावर डाग पडू द्या. फक्त कधीतरी उघडा, बोट ठेवून वाचा, कळलं नाही तर लाजू नका, आणि आमचं काही चुकलं असेल तर समासात दुरुस्त करा. आमच्यातही भोकं असतात.

आता थांबते. मावशी येते आहे. तिचे हात ओले आहेत आणि तिला तेविसावं पान हवं आहे, वंगणाचं. त्या पानावर दोन अवघड जोडाक्षरं आहेत. तिला ती जमतील, असं मला वाटतं.