चतुर्दशीचा संकल्प

बाळाजी गुरुजींनी दर्भाचं पवित्रक समोरच्या माणसाच्या बोटात घातलं आणि वही मांडीवर ओढून विचारलं,

"कोणाचं श्राद्ध?"

"ललित."

"वडिलांचं नाव?"

"बहिरू. गोत्र माहीत नाही."

गुरुजींचं पेन थांबलं. हेच नाव सहा दिवसांपूर्वी, पितृपक्षातल्या अष्टमीला, त्यांनी याच वहीत लिहिलं होतं. ललितची आई सखुबाई मखमलाबादच्या मळ्यातली फुलं आणून इथेच रामकुंडाच्या पायऱ्यांवर विकायची. दोन वर्षांपूर्वी पोलिसांनी चौकशीला नेलेला तिचा चोवीस वर्षांचा मुलगा दुसऱ्या दिवशी घरी आला तो पांढऱ्या कापडात. कागदावर हृदयविकार लिहिला होता. पाठीवरचे वळ सखुबाईने स्वतः पाहिले होते, पण वळांना कोण विचारतो!

अष्टमीला तिने हात जोडले होते.

"गुरुजी, त्याचं चतुर्दशीला करा ना. हत्याराने गेलेल्याचं त्याच दिवशी करत्यात."

"कागदावर हृदयविकार आहे, सखुबाई. मग तिथीलाच करायला हवं."

शास्त्राला असला कागद लागत नाही, हे गुरुजींना पक्कं ठाऊक होतं. पण पोलीस हाकेच्या अंतरावर, कुंभमेळा तोंडावर आणि घाटावरची आपली बसायची जागा कोणाच्या मर्जीवर, हेही ठाऊक होतं. सखुबाईने वाद घातला नाही. तिच्या नवऱ्याने, बहिरूने, मुकाट्याने पिंड ठेवले.

आता गुरुजींनी समोरच्या माणसाकडे नीट पाहिलं. साधा शर्ट, बारीक कापलेले केस. पायऱ्यांकडे पाठ करून बसला होता.

"त्याचं अष्टमीला झालंय," गुरुजी म्हणाले. "छातीत कळ येऊन गेला ना तो?"

"आजच करा." माणसाने वहीवर बोट टेकवलं. "मी यादव. त्या दिवशी कोठडीच्या दारावर माझीच ड्यूटी होती. मी हात लावला नाही, गुरुजी. पण ऐकलं सगळं. पाणी मागत होता. साहेब म्हणाले, दार उघडायचं नाही."

"जबाबात सांगितलंत हे?"

"जबाब लिहूनच आला होता. मी सही केली."

"मग आता सांगा. त्याची आई..."

"नोकरी घालवून सांगू? साहेबांना तर बढती मिळाली." यादवने बोटातलं पवित्रक उगाच फिरवलं. "मला एवढंच जमतंय."

गुरुजींना त्याचा संताप आला. लगेच, रागवायला आपलं तरी तोंड कुठे आहे, असंही वाटलं आणि लाज वाटली.

"फुलं राहिलीत. त्या मावशीकडून घेऊन या."

यादव हलला नाही. मान आणखी खाली गेली. शेवटी गुरुजीच उठले.

सखुबाई टोपलीतली तगर निवडत होती.

"कुणाचं हाय, गुरुजी?"

"आहे एक मुलगा. चोवीसचा."

"हत्याराने गेला?"

"हो."

तिचे हात थांबले.

"कागद दाखवला त्यांनी?"

"नाही."

"तरी मानलं तुमी." बोलण्यात टोमणा नव्हता, तेच गुरुजींना सोसेना. "बरं केलं. त्याच्या मायला लय बरं वाटंल."

तिने एक ओंजळ फुलं पानावर ओतली, मग आणखी एक. गुरुजींच्या ओठांवर नाव आलं होतं. "येतो," एवढंच म्हणून ते पायऱ्या उतरले.

यादवच्या हातावर त्यांनी फुलं ठेवली, तीळ ठेवले, पाणी सोडलं. गुरुजींचा आवाज खडा. त्यांचा संकल्प पलीकडच्या काठापर्यंत ऐकू जायचा. आज शस्त्राने गेलेला, एवढं त्यांनी मोठ्याने म्हटलं आणि नाव मात्र ओठांतल्या ओठांत उच्चारलं.

वर पायरीवर सखुबाईने टोपली बाजूला सारली आणि त्या कुणाच्या तरी पोरासाठी हात जोडले.