गालातला ‘ळ’

“लहानपणी शिशाशी कधी संबंध आला होता?” डॉक्टर सोनमनी विचारलं, आणि मला भलत्या वेळी हसूच फुटलं. संबंध कसला, मी शिसं चघळतच मोठी झाले!

कानडी मुलखात, राजाजीनगरात आमच्या पुढच्या खोलीत आप्पाजींचा, म्हणजे वडिलांचा, छापखाना होता. ते मराठी लग्नपत्रिका छापायचे. शिशाचे खिळे, म्हणजे अक्षरांचे ठसे, हिंदी छापखान्यातून जुने आणलेले, त्यामुळे ‘ळ’ मोजून पाच. जुळणी चालू असताना उरलेले एक-दोन हरवू नयेत म्हणून आप्पाजी ते माझ्या गालात ठेवायचे. त्यांचा हात पुढे आला की मी ऐटीत काढून द्यायची. केवढा भाव होता मला! आई रॉकेलनं खिळे पुसून खणांत टाकायची आणि त्याच हातांनी मला दहीभात भरवायची. त्या दुपारी मला आजही हव्याशा वाटतात, याचाच राग येतो.

दोन वर्षं मी मूल व्हावं म्हणून गोळ्या घेतेय. त्यांनी गर्भाशयाचं अस्तर वाढायला हवं, पण माझं ढिम्म. रक्तात थोडं शिसं निघालं. ते हाडांत वर्षानुवर्षं मुरतं, लहानपणी गेलं तर पुढे गर्भाशय हार्मोन्सना नीट दाद देत नसावं, असं डॉक्टर म्हणाल्या. “पण तुमचं कारण तेच, हे छातीठोक नाही सांगता येणार.”

आप्पाजींना यातलं अक्षर सांगायचं नाही, असं मी रिक्षातच ठरवलं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ते खचले असते.

“काय म्हणाल्या गं, पुट्टी?” घरी पोचताच आप्पाजींनी विचारलं; अजूनही मी त्यांची पुट्टी, छोटीच.

“काही नाही. वय झालंय म्हणे माझं.”

“सरी, बरं,” म्हणून त्यांनी मान हलवली. मग हळूच म्हणाले, “शिशाचं काही विचारलं?”

“तुम्हाला कसं कळलं?” मी विचारलं.

“मागं पेपरात वाचलं होतं मी, शिशानं गर्भाला बाधा होते म्हणून. तुझ्या आधी तीन गेले आमचे, पोटातच. माझी आई अंबूला, तुझ्या आईला, म्हणायची, हिच्या कुशीतच खोट आहे. अंबूनंही तेच खरं धरलं.” ते स्वतःच्या बोटांकडे बघत होते. “मी वाचलं तेव्हा ती जिवंत होती गं. आणखी सहा वर्षं होती. मला सांगवलं नाही.”

त्यांना पोटाशी धरावं असं वाटलं, आणि आईच्या वतीनं कडकडून भांडावं असंही.

“विचारलं, आप्पाजी,” मी म्हणाले. “शिशाचंच विचारलं.”