गाढवं किती होती?

आमचे पप्पा, म्हणजे मोझेस गुरुजी, आणि त्यांचे मित्र नोहाकाका चाळीस वर्षं रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर एकच कप चहा वाटून पितात. पप्पा कपातून, काका बशीतून. त्या दोघांनी तीन आठवडे एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि कारण काय, तर गाढव!

झावळ्यांच्या रविवारी आमच्या राहुरीकडच्या चर्चच्या मंडळीची मिरवणूक निघते; प्रभू गाढवावर बसून शहरात आला त्याची आठवण म्हणून पुढं गाढव असतं. यंदा तयारीच्या बैठकीत पप्पा म्हणाले, "दोन गाढवं आणा. मसीहा गाढवावर आणि शिंगरावर बसून येईल, असं जखऱ्या संदेष्ट्यानं सांगून ठेवलंय. शुभवर्तमानात मत्तयही लिहितो, दोन्ही आणली. अक्षर न् अक्षर खरं धरायचं."

"एकच जनावर दोनदा सांगितलंय," नोहाकाका म्हणाले. "न्हाईतर प्रभू बसला कसा? एक पाय हिकडं, एक तिकडं? सर्कस हाय व्हय?"

सगळी मंडळी खो खो हसली. बत्तीस वर्षांच्या नोकरीत पप्पांना कुणी हसलं नव्हतं, निदान तोंडावर तरी नाही. ते उठले ते तडक घरी आले.

दुसऱ्या दिवसापासून काका यायचे बंद झाले. पप्पा अर्धा कप पिऊन बाकीचा तसाच ठेवायचे. मी तो मोरीत ओतायचे आणि दोघांच्याही नावानं बोटं मोडायचे. गाढवांशी मला काय देणंघेणं? मला काका ओट्यावर हवे होते.

पाळकसाहेबांनी शेवटी सहादेव कुंभाराकडून एकच शिंगरू सांगितलं, कुणीही न बसलेलं. रविवारी सकाळी सहादेव चर्चच्या दारात दोन जनावरं घेऊन हजर.

"एकच सांगितलं होतं ना?" मी विचारलं.

"ताई, शिंगरू कवा मिरवणुकीत गेलंय का? आई म्होरं नसली तर त्ये पाऊल उचलत न्हाई. लई वरडतंय."

पप्पा आणि काका दोघंही शिंगराकडं बघत राहिले.

"म्हणजे आणली दोनच," पप्पा हळूच म्हणाले.

"आन् बसला एकावर," काका म्हणाले.

"मग तुमी भांडत कशापायी हुता?" सहादेवनं विचारलं.

संध्याकाळी काका ओट्याखाली येऊन उभे राहिले, पायात चपला तशाच. मी आतून ओरडले, "पप्पा, चहा किती ठेवू?"

"कप एक," पप्पा म्हणाले. "माणसं दोन."

मी कपबशी घेऊन बाहेर आले. काकांनी चपला काढल्या आणि बशीसाठी हात पुढं केला. "अक्षर न् अक्षर बरोबर, गुरुजी."