चहाच्या बंबाचा संताप

मित्रांनो, मी एक जुना चहाचा बंब आहे आणि माझं डोकं फिरलेलं आहे. गोडगोड गोष्ट हवी असेल तर दुसरं भांडं गाठा.

माझी उमेदीची वर्षं गेली इंग्लंडमधल्या एका चिमुकल्या गावात. एक चर्च, मधोमध हिरवळ, चार गल्ल्या आणि गावाचा हॉल. मी त्या हॉलचा. माणसं भारी तुसडी. प्रदर्शनात कुणाचा गुलाब पहिला आला, यावरून वर्षभर अबोला धरायची. पण कुणाच्या घरचं माणूस वारलं, की हॉलची किल्ली सांभाळणाऱ्या डोरीनबाई मला थेट त्या घरी नेऊन ठेवत. काही हवंय का, असं कुणी विचारत नसे. यायचे, आपापला चहा ओतून घ्यायचे, सोबतीला बसायचे.

नोकरीसाठी तिथे राहणाऱ्या अनघाची आई तिच्याकडे आली असताना वारली. परकी बाई, तरी अख्खं गाव स्वयंपाकघरात दाटीवाटीनं उभं होतं. पुढे हॉल विकला गेला, तेव्हा डोरीनबाईंनी मला अनघाच्याच हवाली केलं.

तिच्याबरोबर मी सिंगापूरला, बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये आलो. गणपतीत मराठी मंडळींनी माझं काय कौतुक केलं! मग कागदी कपांतला तयार चहा येऊ लागला आणि मी स्टोअररूममध्ये सुटकेसांखाली गेलो. त्याचं मला काही नाही.

राग आहे तो गेल्या महिन्याचा. वरच्या मजल्यावरच्या मधुवंतीचा नवरा प्रबोध गेला. ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली. अनघानंही लिहिलं, "काही लागलं तर हक्कानं सांग." अहो, नवरा गेलेली बाई काय सांगणार, कपाळ!

दुसऱ्या दिवशी मधुवंतीच दारात आली. "अनघा, तुझा तो बंब देतेस? लोक भेटायला येतील, चहा लागेल."

"ने ना गं. मी कॉलवर आहे, संध्याकाळी येते वर."

आली नाही. मधुवंतीनं एकटीनं मला भरलं, कप मांडले, दार उघडं ठेवलं. दोघं-तिघं आली आणि घड्याळ बघत उठली. दिवेलागणीला तिनं सगळा चहा सिंकमध्ये ओतला, मला घासूनपुसून खाली आणलं आणि उलट अनघालाच थँक्स म्हणाली.

मला जपा, चकचकीत ठेवा, असलं काही मी मागणार नाही. पडू देत पोचे. पण शेजारी माणूस गेलं, तर तो फोन ठेवा खाली, मला उचला आणि न विचारता जिना चढा.